रिकाम्या दुपारचे काय करायचे?

वाचकांचे प्रश्न

सुट्टीत चार ठिकाणे धावत पाहण्यापेक्षा निसर्गातल्या एकाच ठिकाणी काही दिवस मुक्काम करावा, आणि जमल्यास तो एखाद्या वेलनेस रिट्रीटच्या, म्हणजे आरोग्य व विश्रांतीसाठी भरवलेल्या निवासी शिबिराच्या, निमित्ताने करावा, असे मी गेल्या अंकातील लेखात सुचवले होते. त्यावर अनेक वाचकांनी शंका विचारल्या आहेत. त्यांपैकी काही पत्रे नावे वगळून आणि थोडी संक्षिप्त करून येथे देत आहे.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. कामाचा ताण असह्य झाल्यामुळे पत्नीसह पाच दिवसांच्या रिट्रीटला जाण्याचा विचार आहे. दोन माहितीपत्रके समोर आहेत. पहिल्यात पहाटे साडेपाचपासून रात्री नऊपर्यंत योगासने, प्राणायाम, वनभ्रमण, व्याख्यान, चित्रकला, मसाज, गटचर्चा आणि ध्यान असा भरगच्च कार्यक्रम आहे. दुसऱ्यात सकाळी एक सत्र, संध्याकाळी एक सत्र आणि मधली सगळी दुपार कोरी आहे. शुल्क जवळपास सारखेच आहे. पहिल्या ठिकाणी अधिक काही पदरात पडेल असे वाटते. आपले मत काय?

उत्तर : मी दुसरे ठिकाण निवडेन, आणि आपणही तेच निवडावे असे मनापासून सुचवते. पैसे भरताना कोरी दुपार ही कोणालाही आयोजकांची कसूर वाटते, म्हणून या मताची कारणे जरा सविस्तर सांगायला हवीत.

‘संथ’ या शब्दाला प्रवासाच्या संदर्भात आज जो अर्थ आला आहे, त्याची सुरुवात जेवणाच्या ताटापासून झाली. १९८६ साली रोममधील प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांजवळ फास्ट फूडचे एक उपाहारगृह उघडण्यास विरोध झाला. त्या विरोधातून कार्लो पेत्रिनी यांच्या पुढाकाराने स्लो फूड चळवळ उभी राहिली आणि १९८९ मध्ये पॅरिस येथे तिचा जाहीरनामा मांडला गेला. पुढे १९९९ मध्ये इटलीतील काही लहान नगरांनी एकत्र येऊन ‘चित्तास्लो’, म्हणजे संथ नगरांचे, संघटन सुरू केले. संथ प्रवासाचा विचार याच मुशीतला आहे. कमी घ्यावे, पण जे घ्याल ते पूर्ण लक्ष देऊन घ्यावे, हा त्यातला आग्रह आहे. पायी चालणारा माणूसदेखील दिवसभरात दहा गोष्टी उरकत सुटला असेल तर त्याचा प्रवास संथ म्हणता येत नाही.

आता लक्षाविषयी. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ मध्ये निसर्गाच्या अनुभवावर जे विवेचन प्रसिद्ध केले, ते आपल्या प्रश्नाला नेमके लागू पडते. त्यांच्या मांडणीनुसार, हिशेब तपासताना, बैठकीत बोलताना किंवा गर्दीतून वाहन चालवताना आपण जे लक्ष प्रयत्नपूर्वक लावतो, ते वापरून थकते. आणि ते थकले की माणूस चिडचिडा होतो, साध्या चुका करू लागतो, निर्णय टाळू लागतो. हलणारी पाने, वाहते पाणी, सरकणारे ढग यांच्याकडे मात्र लक्ष आपोआप जाते, त्यासाठी मनाला जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्या अवधीत थकलेले लक्ष विसावते. या विसाव्यासाठी रोजच्या व्यापापासून दूर असणे, भोवतालचा परिसर मन रमेल इतका विस्तीर्ण असणे आणि आपल्याला जे करावेसे वाटते ते तेथे करता येणे, याही गोष्टी त्यांनी आवश्यक मानल्या आहेत.

या दृष्टीने पहिले माहितीपत्रक पुन्हा वाचावे. साडेपाचला उठायचे, सहाला चटई घेऊन हजर राहायचे, व्याख्यानात टिपणे घ्यायची, गटचर्चेत स्वतःविषयी बोलायचे, आणि या सगळ्यात घड्याळाकडे पाहत राहायचे. यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर चांगली आहे. पण सगळ्या मिळून त्याच थकलेल्या लक्षाला पुन्हा घाण्याला जुंपतात. झाडे खिडकीबाहेर राहतात आणि दिवस कार्यालयासारखाच जातो, फक्त कपडे सैल असतात. अशा शिबिरांतून दमून परतलेली अनेक माणसे मी पाहिली आहेत, आणि आपल्यातच काही उणीव असावी असे त्यांना वाटत होते, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून माहितीपत्रक हाती आले की सत्रे मोजण्याआधी उजेडातले रिकामे तास मोजावेत. दिवसाउजेडी चार तासही सलग मोकळे नसतील, तर निसर्गाचे नाव केवळ जाहिरातीपुरते आहे असे मी समजते. त्यानंतर आयोजकांना तीन गोष्टी विचाराव्यात : एखाद्या सत्राला गेलो नाही तर कोणी बोलवायला येईल का, सोबतीशिवाय चालता येतील अशा सुरक्षित पायवाटा आहेत का, आणि सावलीत निवांत बसण्याची जागा आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना ते घुटमळले तर आपण पुढे जाऊ नये.

पाच दिवसांच्या मुक्कामासाठी जाण्यायेण्यात प्रत्येकी एकेक दिवस खर्ची पडत असेल तर जवळचे ठिकाण शोधावे. प्रवासाने शिणलेल्या शरीराला सावरायला पहिला दिवस लागतो आणि शेवटचा दिवस परतीच्या चिंतेत जातो. मग हाती उरते ते फारच थोडे.

राहिला प्रश्न कोऱ्या दुपारी करायचे काय, हा. तो आपण विचारलेला नाही, पण तेथे पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी तो पडेल. माझी सूचना अशी की, पहिल्या दिवशी आजूबाजूला फिरून बसायला एक जागा ठरवावी. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी, पाण्याकाठच्या दगडावर, कोठेही. आणि रोज त्याच वेळी, त्याच जागी तासभर बसावे. पुस्तक, फोन, जपमाळ काहीही जवळ घेऊ नये. पहिल्या दिवशी काही दिसणार नाही आणि तास सरता सरणार नाही. आपण येऊन बसलो की गप्प झालेले पक्षी काही वेळाने पुन्हा बोलू लागतात, हे दुसऱ्या दिवशी ध्यानात येईल. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग कालच्याच वाटेने चालली आहे की नाही, हे आपण स्वतःहून वाकून पाहाल, आणि सावली दगडाच्या कोणत्या कडेशी आली की वारा सुटतो, हेही उमगेल. चौथ्या दिवशी त्या जागेकडे जाताना पावले आपोआप हलकी पडू लागतात. या तासाला शिकवणारा कोणी नसतो आणि त्याचे प्रमाणपत्रही मिळत नाही. तरीही माझ्या सगळ्या मुक्कामांतून खरोखर माझ्याबरोबर घरी आलेले काही असेल, तर ते अशाच तासांतून आलेले आहे.

प्रश्न : गेल्या वर्षी मी तीन दिवसांच्या रिट्रीटला गेले होते. पहिल्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी डोके इतके दुखले की सत्रे सोडून खोलीत पडून राहिले. मन सैरभैर होते, फोन नसल्याने हात शिवशिवत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी कोठे बरे वाटू लागले, आणि तेवढ्यात निघायची वेळ झाली. हा प्रकार माझ्यासाठी नाही, असे समजावे काय?

उत्तर : असे मुळीच समजू नये. आपल्या बाबतीत जे घडले ते इतके सर्वसाधारण आहे की, आयोजकांनी त्याची कल्पना आधीच द्यायला हवी होती.

पहिल्या रात्रीचे कारण मेंदूत आहे. अनोळखी जागी पहिल्या रात्री झोपताना मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा हलका झोपतो आणि अपरिचित आवाजांना अधिक सजग राहतो, असे अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. जणू घरातले एक माणूस राखणीला जागे राहते. त्यामुळे पहिली रात्र चांगली जाण्याची अपेक्षाच ठेवू नये.

दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीविषयी मी खात्रीने सांगू शकत नाही, कारण तिला इतरही कारणे असू शकतात. परंतु आपण रोज चहा किंवा कॉफी घेत असाल आणि तेथे ती एकदम बंद झाली असेल, तर कारण बहुधा तेच असावे. कॅफीन थांबल्यानंतर १२ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, साधारण २० ते ५० तासांच्या दरम्यान तो सर्वाधिक असतो, आणि पूर्ण निवळायला दोन ते नऊ दिवस लागू शकतात. डोकेदुखी, मरगळ, चिडचिड, लक्ष न लागणे, ही सगळी त्याचीच लक्षणे होत. तीन दिवसांच्या शिबिरात कॅफीन पहिल्याच सकाळी बंद केले, तर त्रासाचा कळस आणि शिबिराचा मध्य नेमके एकाच वेळी येतात. काही ठिकाणी याला शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडत असल्याची खूण म्हणतात. ते खरे नाही. पुढच्या खेपेस निघण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून रोजचे प्रमाण थोडे थोडे कमी करत आणावे, किंवा जेथे सकाळचा एक कप घेऊ देतात असे ठिकाण पाहावे. त्यात कमीपणा मानू नये.

तिसऱ्या दिवशी बरे वाटू लागले, हे आपल्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात आठ जणांना उन्हाळ्यात आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवले होते. उजेड फक्त सूर्याचा आणि शेकोटीचा, टॉर्चसुद्धा नाही. आठवड्याअखेरीस त्यांच्या शरीरातील मेलाटोनिन, म्हणजे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक, संध्याकाळी सुमारे दोन तास आधी वाढू लागले होते आणि झोप-जागेचे चक्र सूर्योदय-सूर्यास्ताशी जुळले होते. आठ ही संख्या लहान आहे, हे खरे. पण शरीराचे घड्याळ असे सरकायला काही दिवस जावे लागतात, एवढे त्यावरून समजते. मुक्काम मुरावा लागतो. माझ्या पहिल्या अशा मुक्कामात दुसऱ्या रात्री मी सामान आवरून बॅग दाराशी ठेवली होती. सकाळी वाहन मिळणार नव्हते, एवढ्याच कारणाने थांबले, आणि चौथ्या दिवशी निघताना पाय निघेना.

आपण पुन्हा अवश्य जावे, मात्र तीन दिवसांसाठी जाऊ नये. किमान पाच, शक्य असल्यास सात रात्री राहावे. आणि फोन एकदम आयोजकांच्या हवाली करण्याऐवजी पहिले दोन दिवस ठरलेल्या वेळी एकदा पाहावा, घरच्यांची खुशाली कळवावी व ठेवून द्यावा. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर संपर्काची सोय नसलेल्या ठिकाणी आपले मन थाऱ्यावर राहणे अवघडच आहे.

प्रश्न : ‘वनस्नान’ या नावाखाली बरेच काही सांगितले जाते. झाडांमधून फिरल्याने रोग बरे होतात असाही दावा वाचला. याला शास्त्रीय आधार किती?

उत्तर : आधार आहे, पण दाव्यांच्या मानाने बेताचा. ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, हा शब्द १९८२ मध्ये जपानच्या वनविभागाने प्रचारात आणला. लोकांनी जंगलात जाऊन पाचही इंद्रियांनी तेथले वातावरण अनुभवावे, हा त्यामागचा उद्देश होता. तो प्राचीन विधी असल्याचे कोणी सांगत असेल तर ते चूक आहे.

संशोधनाच्या बाजूने मला दोन अभ्यास विशेष बोलके वाटतात. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांच्यातील निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांना विटांची भिंत दिसे. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. दुसरा अभ्यास २०१९ मधला, इंग्लंडमधील जवळपास २०,००० लोकांचा. आठवड्यातून एकूण १२० मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली प्रकृती चांगली आहे आणि आपण समाधानी आहोत असे सांगणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले. हा वेळ एका दमात घालवला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. अर्थात प्रकृती मुळात चांगली असलेली माणसेच अधिक बाहेर पडत असतील, ही शक्यता अशा पाहणीत पूर्णपणे वगळता येत नाही.

ताण उतरणे, रक्तदाब व नाडी किंचित खाली येणे, मन प्रसन्न होणे, इतपत अपेक्षा ठेवून जावे. कर्करोग, मधुमेह किंवा हृदयविकार बरा करतो असे म्हणणाऱ्याकडे जाऊ नये.

प्रश्न : मी ६३ वर्षांची असून मला मधुमेह व उच्च रक्तदाब आहे, गुडघेही दुखतात. एका शिबिराच्या माहितीत पहिले दोन दिवस उपवास, रोज वाफेचे स्नान आणि ‘शक्यतो सर्व औषधे बंद’ असे लिहिले आहे. ठिकाण डोंगरात उंचावर आहे. मुलगी नको म्हणते, मला मात्र जाण्याची फार इच्छा आहे. काय करावे?

उत्तर : आपली इच्छा योग्य आहे आणि मुलीचेही बरोबर आहे. निसर्गात मुक्काम करावा, पण या ठिकाणी नव्हे.

औषधे बंद करायला सांगणाऱ्या कोणत्याही शिबिरात, ते कितीही रम्य जागी असले तरी, पाऊल ठेवू नये. रक्तदाबाची काही औषधे अचानक थांबवली तर रक्तदाब उसळी घेतो. मधुमेहासाठी आपण इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल आणि उपवास केला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम फुटणे, हात कापणे, बोलण्यात गोंधळ होणे अशी लक्षणे तेथे ‘शुद्धीकरण’ म्हणून दुर्लक्षिली गेली, तर जिवावर बेतू शकते. गरम वाफेत रक्तवाहिन्या प्रसरण पावून रक्तदाब एकदम उतरतो, त्यात औषधाचा परिणाम मिळतो, आणि उठून उभे राहताना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. दुखऱ्या गुडघ्यांनी पडणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको.

ही अतिरंजित भीती नव्हे. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अशाच एका आत्मविकास शिबिरात, तापलेल्या दगडांच्या वाफेने भरलेल्या बंदिस्त तंबूत बसवलेल्या लोकांपैकी तिघांचा मृत्यू झाला, आणि २०११ मध्ये शिबिर चालवणाऱ्याला निष्काळजीपणामुळे मृत्यूस कारण ठरल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. सहन करत राहणे म्हणजे प्रगती, हा समज अशा जागी फार घातक ठरतो. त्रास होऊ लागला की उठून बाहेर यावे. परवानगी मागत बसू नये.

उंचीबाबतही विचार हवा. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास धडधाकट माणसालाही होऊ शकतो. डोके दुखते, मळमळते, झोप तुटक लागते. वर चढायचेच असेल तर टप्प्याटप्प्याने चढावे आणि ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक उंच नेऊ नये, असा पर्वतारोहणातील वैद्यकीय सल्ला आहे. संथ प्रवासाचा हा नियम शरीरानेच घालून दिलेला आहे. आपल्या प्रकृतीला मात्र कमी उंचीवरची, सपाट पायवाटा असलेली जागा उत्तम.

ठिकाण ठरवताना पुढील माहिती लेखी मागवावी : जवळचे रुग्णालय वाहनाने किती मिनिटांवर आहे, रात्री वाहन व चालक मुक्कामी असतात का, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले कोणी आहे का, आपल्या पथ्याप्रमाणे आणि आपल्या वेळेला जेवण मिळेल का, खुर्चीवर बसून आसने व ध्यान करण्याची सोय आहे का, आणि खोली तळमजल्यावर मिळेल का. आपल्या डॉक्टरांना कार्यक्रमपत्रिका प्रत्यक्ष दाखवावी. औषधे मुक्कामापेक्षा चार दिवस अधिक पुरतील इतकी घ्यावीत आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. इन्सुलिन असेल तर थंड ठेवण्याची व्यवस्था आधी विचारून घ्यावी. मुलीला सोबत न्यावे असेही सुचवते. तिची काळजी मिटेल आणि कदाचित तिलाही त्या विश्रांतीची गरज असेल.

प्रश्न : माझ्यावर गेल्या वर्षभरापासून नैराश्यासाठी उपचार सुरू आहेत. दहा दिवसांच्या मौन-ध्यान शिबिराला जावे असे एक मैत्रीण सुचवते. याने लवकर बरे वाटेल का?

उत्तर : आपल्या मैत्रिणीचा हेतू चांगला आहे, पण या टप्प्यावर दहा दिवसांचे कडक मौन मी सुचवणार नाही. ध्यानाचा बहुतेकांना फायदा होतो किंवा निदान त्रास होत नाही. तरीही २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८३ अभ्यासांच्या एका आढाव्यात सुमारे आठ टक्के लोकांमध्ये प्रतिकूल परिणाम आढळले होते, आणि त्यांत चिंता व नैराश्य ही प्रमुख होती. दिवसाचे अनेक तास डोळे मिटून, कोणाशीही न बोलता बसले असताना मनात जे वर येते, ते पेलण्यासाठी जवळ जाणकार माणूस असावा लागतो. तो प्रत्येक ठिकाणी असतोच असे नाही, आणि काही ठिकाणी शिबिर मध्येच सोडणे हा अपराध मानला जातो.

निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावा. त्यांनी होकार दिला तर आधी दोन-तीन दिवसांचे, बोलण्याची मुभा असलेले, चालण्यावर भर देणारे निवासी शिबिर निवडावे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये निरोगी लोकांवर केलेल्या एका प्रयोगात, निसर्गरम्य जागी ९० मिनिटे चाललेल्यांच्या मनातला तोच तो विचार पुनःपुन्हा घोळवण्याचा प्रकार कमी झाल्याचे दिसले; तेवढाच वेळ रहदारीच्या रस्त्याकडेने चाललेल्यांमध्ये तो बदल दिसला नाही. आपले उपचार चालू ठेवून असे चालणे आजही सुरू करता येईल. गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नयेत, आणि शिबिरात एखाद्या विश्वासू व्यक्तीला आपल्या उपचारांची कल्पना देऊन ठेवावी.

प्रश्न : मला जायचे आहे, पतीला अजिबात रस नाही. आग्रह करून त्यांना न्यावे का?

उत्तर : नेऊ नये. आपण एकटीने जावे. ते आपणहोऊन विचारतील तेव्हा त्यांना आपली बसण्याची जागा दाखवायला न्यावे.

प्रश्न : दोन वेळा रिट्रीटला जाऊन आलो. तेथे असताना माणूस बदलल्यासारखा वाटतो. घरी आल्यावर आठवडाभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय?

उत्तर : आपला अनुभव संशोधनाशी मिळताजुळता आहे. सुट्टीने मिळालेला ताजेपणा कामावर परतल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो, असे २००९ मध्ये अशा अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून दिसून आले. हे शिबिराचे अपयश आहे असे मला वाटत नाही. रात्रीची झोपही दुसऱ्या रात्रीपर्यंतच पुरते, म्हणून कोणी झोपणे व्यर्थ मानत नाही. तरीही हा ताजेपणा आठवडाभरातच संपत असेल, तर परतण्याची रीत तपासून पाहावी.

बहुतेक जण रविवारी रात्री उशिरा घरी येतात आणि सोमवारी सकाळी कामावर जातात. साठलेले निरोप, टपाल, बैठका एकाच तासात अंगावर कोसळतात आणि चार दिवसांपूर्वीची शांतता डोळ्यांदेखत विरते. त्यापेक्षा शिबिरातला एक दिवस कमी करून तो घरी, परतल्यानंतर, मोकळा ठेवावा. त्या दिवशी कपडे धुवावेत, सामान जागेवर लावावे, दुपारी झोपावे आणि फोनवरचे निरोप संध्याकाळी पाहावेत. कार्यालयात परतण्याची तारीख सांगताना एक दिवस पुढची सांगितली तरी चालते.

शिबिरात शिकलेल्या दहा गोष्टी घरी चालू ठेवण्याचा संकल्पही बहुतेक वेळा आठवड्यातच मोडतो. पहाटे साडेपाचला उठणे, तासभर ध्यान, मिताहार, संध्याकाळनंतर फोन बंद, हे सगळे तेथे शक्य होते कारण स्वयंपाक, साफसफाई आणि कमाई यांची जबाबदारी त्या दिवसांत आपल्यावर नव्हती. त्यांतली एकच गोष्ट घरी आणावी, आणि ती कोणती हे शिबिराच्या शेवटच्या दुपारी तेथेच ठरवावे. माझ्या मते ती बसण्याची जागा असावी. घरापासून पायी जाता येईल असे एखादे झाड, तळ्याचा काठ, बागेतला कोपरा, तेही नसेल तर आकाश दिसणारी गच्ची निवडावी. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी ४० मिनिटे तेथे बसावे. वर उल्लेखलेली १२० मिनिटे त्यातच भरतात. सोबत लहान वही ठेवावी आणि उठताना तारीख घालून एकच ओळ लिहावी : आज काय दिसले. स्वतःच्या मनःस्थितीविषयी लिहू नये, बाहेर जे दिसले तेच लिहावे; पालवी फुटली, पाणी उतरले, अमुक पक्षी दिसेनासा झाला. तीन महिन्यांनी ती वही वाचून मला पुन्हा पत्र लिहावे, आणि त्या जागी काय काय बदलले ते अवश्य कळवावे.